शेजारशेजारच्या दोन खुर्च्या

आगबोटीची कल्पना माझी. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे ती मास्तरांच्या नावावर गेली. शिकलेला माणूस, त्यालाच असलं सुचणार, असं लोकांनी धरलं. मास्तर म्हणजे आमचे यजमान. मिशनच्या शाळेत शिकवायचे. सगळं नगर त्यांना मास्तर म्हणायचं, म्हणून मीही तेच म्हणते.

दुसरी मोठी लढाई संपली त्याच्या पुढचा उन्हाळा होता. मी तेव्हा भिंगारच्या छावणीत दोन मेसना अंडी पुरवत होते. मास्तरांच्या पगारात घर चालायचं, पण घरावरची कौलं, विहिरीवरचा रहाट आणि मुलीचं नर्सिंगचं शिक्षण कोंबड्यांनी केलं. सावेडीला त्या वेळी शेतं आणि बाभळी होत्या. तिथला एक पडीक तुकडा मी खंडाने घेतला आणि तीन कोंबड्यांपासून सुरुवात केली. लढाई संपेस्तोवर त्या तीनशेवर गेल्या. मला कोणी भांडवल दिलं नाही की काही शिकवलं नाही. अंडं उन्हाकडे धरून आत काय आहे ते ओळखायला मी आपली आपण शिकले. छावणीच्या दारात उभं राहून हवालदाराशी भाव करायलाही. मी आवाज चढवला की पहाऱ्यावरचे शिपाई वळून बघायचे. पण खोटा माल कधी दिला नाही. सगळ्यांसमोर बादलीत अंडी सोडायची. तरंगेल ते मी परत नेणार, बुडेल ते तुम्ही घ्यायचं.

एका मेसचा आचारी गोव्याकडचा होता. हुज्जत घालण्यात माझ्या तोडीचा, म्हणून माझं त्याच्याशी जमायचं. एप्रिलमध्ये मी त्याला सांगितलं, "पुढच्या महिन्यात माल कमी येईल. उन्हाने कोंबड्या अंडी देत नाहीत."

"देऊ नकोत," तो म्हणाला. "मी पण नाही इथं. गावी जातो, बोटीनं. लढाईत सरकारनं बोटी नेल्या होत्या, त्या आता परत आल्या, बाय."

मी समुद्र पाहिलेला नव्हता. आमच्याकडे पाणी म्हणजे विहिरीचं, तेही मे महिन्यात तळाला गेलेलं. त्याला म्हटलं, सांग तरी बोट कशी असते. त्याने टेबलावर कांदे मांडून दाखवलं. हा खालचा मजला, इथे लोक चटया टाकतात, बायका एका अंगाला, पुरुष एका अंगाला. हा वरचा. तिथे कठड्याला लागून वेताच्या खुर्च्या. बसायचं आणि पाणी बघायचं. मुंबईहून सुटली की दुसऱ्या दिवशी वेंगुर्ले.

"वरही बायका वेगळ्या बसतात?" मी विचारलं.

"वर कोण कोणाला उठवतो, बाय? तिकीट काढलं, खुर्ची धरली, बसला. नवरा हितं, बायको हितं." त्याने दोन कांदे एकमेकांना टेकवून ठेवले.

'कोण कोणाला उठवतो' हे शब्द मी डोक्यात घेऊन घरी आले.

कारण मला उठवलं होतं. वीस वर्षांपूर्वी, लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी. मी नेवाशाकडच्या एका खेड्यातली. आम्ही ख्रिस्ती. खेड्यात आमचं देऊळ, म्हणजे चर्च, शाळेच्याच एका खोलीत. सतरंजीवर घरंच्या घरं एकत्र बसायची, लेकरं मध्ये. नगरचं देऊळ दगडी, उंच, त्यात बाकं. मधल्या वाटेच्या उजवीकडे पुरुष, डावीकडे बायका. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. मी नवऱ्याच्या मागोमाग गेले आणि त्यांच्या शेजारी बसले. मंडळीचे एक पंच काठी टेकत आले आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "ए बाई, ऊठ. ही जागा बायांची न्हाई. खेड्यातनं आलीस व्हय?"

मी उठले. नव्या लुगड्यात पाय अडकला आणि मधल्या वाटेत पडता पडता वाचले. डावीकडच्या पहिल्या बाकावर माझी थोरली नणंद बसली होती. ती तोंडावर रुमाल धरून हसली. तेही मी सोसलं असतं. पण मास्तर गीतांच्या पुस्तकात बघत राहिले. एक शब्द बोलले नाहीत. मान वर केली नाही.

पंचांना मी माफ केलं, रीत तशी होती. नणंदेला निम्मं माफ केलं. मास्तरांचं मात्र मी मनात ठेवलं. त्यांच्यासारखा सज्जन माणूस नगरात नसेल. माझ्या धंद्याची त्यांनी कधी लाज बाळगली नाही. शाळेतून आल्यावर बाह्या वर करून खुराडी झाडायचे. पण चार माणसांसमोर तोंड उघडायची वेळ आली की त्यांच्या हातात कुठूनतरी पुस्तक यायचं.

आणि मग माझ्या लक्षात आलं की त्या रविवारनंतर आम्ही चारचौघांत शेजारी बसलोच नाही. आगगाडीत मी बायकांच्या डब्यात. सर्व्हिस मोटारीत बायका पुढे, पुरुष मागे. टांग्यात मास्तर टांगेवाल्याच्या शेजारी, मी मागे टोपल्यांत. घरी ते खुर्चीवर, मी चुलीपाशी. लग्नाला वीस वर्षं झाली होती.

रात्री जेवायला वाढताना मी सांगून टाकलं, "मे महिन्याच्या सुट्टीत आपण आगबोटीने वेंगुर्ल्याला जायचं. दोघंच. वरच्या वर्गात."

मास्तरांनी घास खाली ठेवला. "तिथे आपलं कोण आहे?"

"कोणी नाही."

"मग काम काय?"

"काही नाही. जाताना पाणी बघायचं, दोन दिवस राहायचं, येताना परत पाणी बघायचं. पावसाळ्याआधी बोटी बंद होतात, त्याच्या आत यायचं."

मला वाटलं, खर्चाचं बोलतील. ते म्हणाले, "नकाशात मी पोरांना ते वीस वर्षं दाखवतोय. रत्नागिरी, मालवण, वेंगुर्लं. काठीने." मग हसले. माणूस इतका खूष झालेला मी मुलगी झाली तेव्हाच पाहिला होता.

तिकिटांचं मी आचाऱ्याशी ठरवलं. त्याचा मावसभाऊ मुंबईला धक्क्यावर होता. आचाऱ्याने आधी वरकमाई मागितली. मी म्हटलं, सात वर्षं तुला ताजी अंडी खाऊ घालतेय, तुझा साहेब कधी पोट धरून बसला का? शेवटी नाताळच्या केकला जास्तीची दोन डझन अंडी, यावर सौदा ठरला. खुर्च्यांना आकडे नसतात, हे त्याने तेव्हा सांगितलं. जो आधी चढेल त्याच्या. "पळायला पाहिजे, बाय. शिडी लागली की पळायचं."

इथवर सगळं माझ्या हातात होतं. मग कोपरगावहून तीच थोरली नणंद आली. तिचे यजमान तिकडे साखर कारखान्यात कारकून होते आणि सुट्टीत ती आठ-पंधरा दिवस आमच्याकडे राहायची. उंबऱ्यातूनच म्हणाली, "मास्तराचं पत्र आलं. मी तयारीनंच आलेय बघ. माझं तिकीट काढलं ना?"

मी मास्तरांकडे बघितलं. ते ओसरीत तुळया मोजल्यासारखे वर बघत होते.

"तुम्ही लिहिलंत?" मी विचारलं.

"तिने विचारलं होतं, मी पण येऊ का म्हणून. नाही कसं म्हणायचं?"

माझ्या हातात छावणीला न्यायची टोपली होती. वीस वर्षांत माझ्या हातून टोपली पडली नव्हती. ती मी खाली ठेवली खरी, पण कशी ठेवली ते अंड्यांना माहीत. वरचा थर शाबूत राहिला, खालचा सगळा गेला.

"अगं बाई, अंडी!" नणंद ओरडली.

"असू देत. आज ऑम्लेट खाऊ." मग मास्तरांना म्हणाले, "तुम्ही बोलावलंत, तुम्हीच नको म्हणा."

मास्तरांनी घसा खाकरला. बहिणीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि शाळेचं काहीतरी काम निघालं म्हणून टोपी घालून बाहेर पडले. सुट्टी लागलेली असताना.

तेव्हा मीच पदर खोचला. नणंदेला पाटावर बसवून ऑम्लेट वाढलं.

"आक्का, तिकिटं दोनच आहेत."

"मग मास्तर आणि मी जाऊ. तुझ्या कोंबड्या आहेत की तुला."

"कोंबड्यांचंच बोलतेय. मी नसताना कोणाच्या भरवशावर टाकू? चोरांचा बाजार झालाय. घरचं माणूस पाहिजे."

"मला नाही त्या घाणीत हात घालायचे. तुमचं काय बाई, तुम्ही अंडीवाल्या."

"तेवढ्या दिवसांतली सगळी अंडी तुमची, आक्का. विका नाहीतर कोपरगावला न्या."

तिचा घास थांबला. "सगळी?"

"सगळी. छावणीचा माणूस दारात येऊन रोख देईल."

"उन्हाळ्यात कमीच असतील पण."

"कमी असतात म्हणून तर सगळी म्हणतेय. पावसाळ्यात निम्मी म्हणाले असते."

ती हसली. मीही हसले. "आणि खुडूक बसलेली एक कोंबडी," ती म्हणाली. मी एक सोडून दोन दिल्या. सौदा मी जिंकले होते, पण भाकरी थापताना हात जड झाले होते. बोटीत दोघंच जाणार, हे मी एकटीने मिळवलं होतं. मास्तर पुन्हा पुस्तकात बघत बसले होते, असंच म्हणायचं. असा माणूस शेजारी बसला काय आणि न बसला काय, असंही मनात आलं. दोन दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही.

निघायच्या आधीचा रविवार आला. आमच्या देवळात रीत होती, कोणी लांबच्या प्रवासाला जाणार असेल तर उपासनेच्या शेवटाकडे पाळकसाहेब त्याला उभं करत आणि सगळी मंडळी त्याच्यासाठी प्रार्थना करी. लढाईत पोरं जाताना किती वेळा उभी केली होती. नुसतं पाणी बघायला जाणारं आम्ही पहिलंच जोडपं. बायकांत कुजबुज चालली होती. एकीने मला विचारलंही, "दवाखान्याचं काही आहे का गं? लपवू नको."

पाळकसाहेबांनी आमची नावं घेतली. मी डावीकडे उभी राहिले. उजवीकडे, चौथ्या बाकावर, मास्तर उभे राहिले. हातात गीतांचं पुस्तक होतं. मला वाटलं, झालं, आता हे त्यात बघणार.

त्यांनी पुस्तक मिटलं. बाकावर ठेवलं. शेजारच्या दोघांचे गुडघे ओलांडून ते मधल्या वाटेत आले, वाट पार केली आणि बायकांच्या बाजूला माझ्या बाकापाशी येऊन उभे राहिले. कडेची बाई दचकून आत सरकली. मग सगळा बाक सरकला. दगडी देवळात लाकूड घासल्याचा आवाज केवढा मोठा होतो.

वीस वर्षांपूर्वीचे पंच अजून पुढच्याच बाकावर बसायचे. दृष्टी गेली होती, कान शाबूत होते. त्यांनी काठी आपटली. "कोन हाय रं ते? बायांच्यात कोन गेलं?"

"मी आहे काका, मास्तर."

"मास्तर, तुमची जागा हिकडं हाय."

"आम्ही दोघं एकत्र जाणार आहोत, काका. प्रार्थनाही एकत्रच घेतो." आवाज कापत होता. पण शब्द पुरे आले, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेले. मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "आणि ही इथे बसली तर मी इथे बसेन. तिला कोणी उठवायचं नाही."

पाळकसाहेबांनी डोळे मिटले. प्रार्थना झाली. काय झाली ते मला विचारू नका. प्रार्थनेत मी डोळे उघडे ठेवले, ते आयुष्यात एकदाच. माझ्या पलीकडे नणंद बसली होती. तिच्या हातात रुमाल होता, तो तिने तोंडाला लावला नाही. पुढे पंचांनी काठी मांडीवर आडवी घेतली होती.

उपासना संपेपर्यंत मास्तर बायकांच्या बाकावर बसले. कान लाल झाले होते. माझ्या नवऱ्यासारखा नवरा त्या दिवशी त्या देवळात दुसरा नव्हता, आणि हे मी मोजून मापून सांगते.

घरी परतताना नणंद मुद्दाम पुढे चालत होती. छावणीकडच्या वळणावर मास्तर हळूच म्हणाले, "फिटलं का?"

म्हणजे त्यांना माहीत होतं. वीस वर्षं माहीत होतं.

मला पटकन हो म्हणता आलं असतं. पण पहिल्या बोलीला हो म्हणणं माझ्या रक्तात नाही. "निम्मं," मी म्हणाले.

ते थोडं चालले. "आणि उरलेलं?"

"बघू."

"शिडी लागली की पळायचं असतं म्हणालीस ना?" मास्तर म्हणाले. हा माणूस सर्व्हिस मोटारीत सगळे चढून झाल्यावर चढणारा. "तू सामान धर. मी पळतो. दोन खुर्च्या, लागून."

पुढच्या आठवड्यात, मुंबईच्या धक्क्यावर, शिडी लागली. डोक्यावरची टोपी पाण्यात गेली तरी ते थांबले नाहीत. मी ट्रंक आणि फराळाचा डबा घेऊन वर पोचले तेव्हा मास्तर कठड्यापाशी एका खुर्चीवर बसलेले होते आणि शेजारच्या खुर्चीवर दोन्ही हात पसरून कोणा जाड्या व्यापाऱ्याला मोठ्या आवाजात सांगत होते, "नाही, नाही. इथे माझी बायको बसते."