रबरी बुश दिले, कडक बसवले

मंडळी, डोकं अजून तापलेलंच हाय, म्हणून लिहितोय.

आमच्या जुन्या छोट्या गाडीचे पुढचे बुश फाटले होते. खड्ड्याचा दणका आधी तेच खातात. आईच्या मणक्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून मऊ रबरी बुश स्वतः निवडून आणले, बीडमधल्या मिस्त्रीच्या हातात दिले अन् कामाला गेलो.

आज आईला मागं बसवून नांदूरघाटला निघालो. पहिल्याच खड्ड्यात ती कळवळली. दुसऱ्या खड्ड्याला म्हणाली, "थांबव रे, मी उतरते."

तिथूनच मिस्त्रीला फोन लावला.

"भाऊ, आपल्या रोडवर रबरी टिकत न्हाईत. म्या कडकवाले टाकले. आता लई वर्षं बघायचं काम न्हाई."

"मला विचारलं कावून न्हाई?"

"सगळ्यायलाच कडक टाकतो. आजवर कुणी बोललं न्हाई."

माझं डोकं फिरलं ते इथं. खड्डे तसेच ठेवायचे, गाडी कडक करायची अन् दणके आत बसलेल्या म्हाताऱ्या माणसानं खायचे. वर ह्याला म्हणायचं मजबुती.

गाडी वळवून घरी आलो. आई पडून हाय, कुशीवर वळता येईना तिला.

गाडी टिकंल हो लई वर्षं. पण ती टिकवायची कुणासाठी?