महिपतरावांचा टपोरा दाणा

मोहने गावातल्या एका कारखान्यात तीस वर्षं फिटर म्हणून काढल्यावर महिपतरावांनी घरच्या पाच गुंठ्यांत भात लावायला घेतलं. बियाणं शेजारच्या राघोकडून मागून आणलेलं. दरवर्षी झोडणी झाली की ते चष्मा लावून ओटीवर बसत आणि सगळ्यांत टपोरे दाणे निवडून पेरणीसाठी बाजूला काढत. असं सहा वर्षं चाललं. वाणाला नावही दिलं, ‘महिपत टपोरा’. ठाण्याला लग्नाला गेले की आहेरात बियाण्याची पुडी. सातव्या मजल्यावरचं जोडपं ती कुठे पेरणार, हा प्रश्न फक्त त्यांच्या बायकोला, शेवंतीबाईंना पडे.

शेवंतीबाईंची भाची क्षिप्रा ठाण्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकत होती. दिवाळीला ती आली, तेव्हा महिपतरावांनी तिच्यापुढे मूठभर दाणे ओतले.

“बघ, याला संशोधन म्हणतात.”

“काका, राघोमामांच्या दाण्यांशी ताडून बघितलंत कधी?”

जन्मभर व्हर्नियरने सुट्या भागांची मापं घेतलेला माणूस, मोजायला कसा नाही म्हणणार? राघोचं भात अजून उभंच होतं. तिथल्या लोंब्या आणल्या. दोन्हींकडचे शंभर-शंभर दाणे, न निवडता, मोजले. लांबी तीच, रुंदी तीच. वजनाला तर राघोचे काकणभर जास्तच, कारण त्याने शेणखत टाकलेलं.

“म्हणजे सहा वर्षं मी केलं काय?”

“डोळे खराब केलेत,” शेवंतीबाई आतून म्हणाल्या.

महिपतरावांना स्वतःचंच हसू आलं. वर्षानुवर्षं एकाच साच्यातले नट घेऊन त्यातला मोठा शोधत बसलेला फिटर!

क्षिप्राने समजावलं, “भात स्वतःच्याच परागावर धरतं. तुमच्या सगळ्या रोपांची जनुकं जवळजवळ एकच. एखादा दाणा टपोरा होतो तो लोंबीतल्या जागेमुळे, खतामुळे. ते पुढच्या पिढीत उतरत नाही. खरा आकार जनुकं ठरवतात. त्यातलं एक तर टरफलाची वाढ रोखून धरतं. ते बिघडलं की टरफल रुंद होतं, आणि आतल्या दाण्याला ऐसपैस जागा मिळते.”

“म्हणजे ब्रेक फेल!”

“तसंच समजा. असं रोप दिसलेलं कधी? सगळ्याच लोंब्या रुंद दाण्यांच्या?”

महिपतरावांचा चेहरा उतरला. दिसलेलं. दरवर्षी एक-दोन दिसायची, आठ दिवस उशिरा निसवून लोंबी बाहेर काढणारी, रुंद टरफलांची. भेसळ आलीय म्हणून दाणा भरायच्या आत त्यांनीच ती उपटलेली.

“आणि टाकलीत कुठे?”

“शेळीपुढे,” ते म्हणाले. “अख्ख्या पंचक्रोशीत टपोऱ्या भाताची पारख मला आणि त्या शेळीला!”

राघो कधी काही उपटत नसे, त्याला कंटाळाच फार. तिघं त्याच्या शेतात शिरले, तर कोपऱ्यात तसली दोन रोपं उभी. महिपतरावांनी ती दाण्यासकट वेगळी ठेवली आणि पुढच्या वर्षी चार ओळी लावल्या. एकूणएक रोप रुंद दाण्याचं निघालं. त्यांनी क्षिप्राला फोन केला, राघोला पेढा दिला.

मग हौसेने त्याचा भात शिजवला. दाणे फुटले, नुसता गिचका झाला.

“नाव काय ठेवताय याला?” शेवंतीबाईंनी विचारलं.

“राघोचं ठेवू,” महिपतराव म्हणाले आणि गिचका वाढून घ्यायला ताट पुढे केलं.