ठमी झोपत नाही

पाळणाघरातल्या मावशींचं दुपारचं काम म्हणजे चौदा मुलांना झोपवणं. सतरंज्या एकाआड एक उलट्या टाकायच्या, म्हणजे एकाच्या डोक्याशी दुसऱ्याचे पाय येतात आणि गप्पा रंगत नाहीत. पंखा दोनवर; तीनवर तो कुरकुरतो. मग पाठीवर थोपटत एकच वाक्य: "झोपून उठलं की आई येते." बावीस वर्षं या वाक्याने काम भागलं होतं, कारण चार वाजता दारात आया यायच्याच.

चार वर्षांची ठमी मात्र दाद देत नव्हती. तिची आई बाळंतपणाआधीच दवाखान्यात होती. डॉक्टरांनी महिनाभर पडून राहायला सांगितलं होतं. नऊ दिवस ही पोर दुपारी झोपली नव्हती, आणि रात्री बापालाही झोपू देत नव्हती.

"माझं काम क्रेनवर," त्या सकाळी बाप दाराला टेकून म्हणाला. "काल वर बसल्या बसल्या डोळा लागला. आजचा दिवस बघतो, मावशी. नाहीतर उद्या हिला आत्याकडे सोडतो."

"कुठे असते आत्या?"

"आठ तासांवर."

ठमी बुटाचा पट्टा लावत-काढत ऐकत होती.

दुपारी तेरा मुलं झोपली. मावशींची कंबर धरली होती. स्वयंपाकाच्या काकू दारातून म्हणाल्या, "तुमची मात्रा जुनी झाली वाटतं."

"मग तुम्ही थोपटा, मी भांडी घासते."

"नको बाई. भांडी उलटून बोलत नाहीत."

मावशींना हसायचाही कंटाळा आला होता. "झोप गं राणी. झोपून उठलं की..."

"नाही येत," ठमी म्हणाली. "मी झोपले होते तेव्हाच गेली."

मावशींचा हात थांबला. आईला रात्री नेलं, पोर रडेल म्हणून उठवलं नाही, हे बापाने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "बरं केलंस," असं मावशीच म्हणाल्या होत्या. आणि नऊ दुपारी त्याच पोरीला झोप, झोप म्हणत होत्या.

"खरंय," त्या म्हणाल्या. "आज उठशील तेव्हा आई नसेल. उद्याही नसेल. डॉक्टर सोडतील तेव्हा येईल. पण मी असेन. इथून हलणार नाही."

"शूला पण नाही?"

मावशींनी विचार केला. "ते आत्ताच जाऊन येते."

त्या परत आल्या तेव्हा ठमी दाराकडेच बघत बसली होती. मग आडवी झाली, मावशींच्या ओढणीचं टोक मुठीत गुंडाळलं आणि पावणेतीनला झोपली.

चारला बाकीची मुलं उठली. चपलांची अदलाबदल, रडारड. मावशी हलल्या नाहीत. काकूंनीच कुरकुरत एकेकाला दारात पोचवलं. मावशींच्या पायाला आधी मुंग्या आल्या, मग पाय आहे की नाही तेच कळेना.

बाप आला. मावशींनी ओठांवर बोट ठेवलं. तो शेजारच्या सतरंजीवर बसला.

"रात्री काय करू?" त्याने हळूच विचारलं.

"सकाळी कोण दिसेल ते खरं सांग. जाणार नाही म्हण, आणि जाऊ नकोस. पाणी आधीच पिऊन घे."

"आत्याला उद्या येतो म्हणून कळवलंय."

"मग येत नाही म्हणून कळव."

ठमीने डोळे किलकिले केले, ओढणी ओढून पाहिली. "आहेस?"

"आहे."

ती कूस बदलून पुन्हा झोपली. फोन हातात धरून बापही भिंतीला टेकून घोरायला लागला होता. मावशींनी दुसरा पाय लांब केला आणि बसून राहिल्या.