एकोजीमामांचं पान

तंजावरच्या कीळ वीथीवर आज जिथे मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, तिथे पूर्वी पेरियवरांचं घर होतं. घर पाडून झालं, दुकान उभं राहिलं, तरी एकोजीमामा त्या जागेसमोर आले की थांबत. गुडघ्यापर्यंत दुमडून खोचलेली लुंगीसारखी वेष्टी सोडून पावलांपर्यंत खाली घेत, दुकान ओलांडत आणि पुढच्या विजेच्या खांबाशी पोचले की पुन्हा वर खोचत. आमच्याकडे वडीलधाऱ्यांसमोर वेष्टी वर खोचून कोणी उभं राहत नाही. पण समोर वडीलधारं कोणी नव्हतंच. काचेमागे फोनची रंगीत कव्हरं टांगलेली होती. दुकानातली पोरं हसायची. एकाने एकदा तमिळमध्ये विचारलं, "काय आजोबा, आमच्या मालकाला एवढा मान?"

मामा म्हणाले, "तुझा मालक बसतो ना, तिथं पूर्वी मोरी होती." आणि वेष्टी सावरत पुढे गेले.

एकोजीमामा माझे सख्खे मामा नव्हेत. राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत ते दोन दारं सोडून राहायचे. आमच्यासारखेच इथले जुने मराठी. माझे वडील लग्नाकार्यांत स्वयंपाक करायचे, आणि मामा पेरियवरांकडे होते. तमिळमध्ये अशा माणसाला 'अडियाळ' म्हणतात, म्हणजे मारामारीला ठेवलेला माणूस. पेरियवर म्हणजे मोठे साहेब. नदीतल्या वाळूच्या लॉऱ्या, बाजारातले लिलाव, कोंबड्यांच्या झुंजी, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. त्यांचं नाव सगळ्या जिल्ह्याला ठाऊक. मामांचं नाव वर्तमानपत्रात आयुष्यात एकदाच आलं, आणि तेही चुकीचं छापलं होतं.

"तुम्ही तिथं काम काय करता, मामा?" मी लहानपणी विचारायची.

"मी उभा असतो."

"म्हणजे?"

"पेरियवर बसतात. मी मागं उभा असतो. दुसरं काय अहा त्यात?"

'आहे'ला आम्ही 'अहा' म्हणतो. पुण्यातले लोक हसतात, हसू देत. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. हिंदीच्या परीक्षा देता देता देवनागरी शिकले आणि मग मराठी लिहायलाही स्वतःच शिकले. कोणाकडून उसनं घेतलेलं नाही, त्यामुळे जे लिहिते ते बिनधास्त लिहिते.

मामांचं ते 'मी उभा होतो' पोलिसांनाही पाठ झालं होतं. बाजारात दोन गट भिडले, कोणाचं डोकं फुटलं, की मामांना बोलावणं यायचं. जबाब ठरलेला. मी नुसता उभा होतो. आणि गंमत म्हणजे ते बहुतेक वेळा खरंच असायचं. ते उंच होते, हात सुपासारखे. ते उभे राहिले की पुढचं काम आपोआप व्हायचं. मी त्यांना संत म्हणून रंगवत नाही. लोक त्यांना भ्यायचे, आणि ज्याला घाबरून लोक दुकान बंद करतात तो माणूस चांगलं काम करत नसतो, एवढं मला तेव्हाही कळत होतं.

मी कॉलेजात जायला लागले तेव्हा बसस्टॉपवर काही मुलं मागे लागायची. वडिलांनी मामांपाशी विषय काढला असावा. दुसऱ्या दिवशी मामा छत्री घेऊन बसस्टॉपवर हजर. कोणाला काही बोलले नाहीत. उभे राहिले. मुलं नाहीशी झाली. पण मामा रोज यायला लागले, आणि मग माझ्या मैत्रिणीही पलीकडच्या स्टॉपवरून बस पकडू लागल्या.

"मामा, आता तुम्ही नक्को या. माझ्याशी कोणी बोलत नाही."

"शिकायला जातीस की बोलायला?" ते म्हणाले. पण दुसऱ्या दिवसापासून आले नाहीत. तेव्हापासून त्यांनी माझं नाव 'कॉलेज' ठेवलं. "काय कॉलेज, बस चुकली?" गल्लीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारायचे. त्यात थट्टा थोडी आणि अभिमान जास्त असायचा. पोटच्या मुलीला, सक्कूला, त्यांना एवढं शिकवता आलं नव्हतं. तिचं लवकर लग्न होऊन ती पापनाशमला गेली होती.

मग नदीवरची ती गोष्ट घडली. पापनाशमजवळच्या एका गावच्या लोकांनी वाळूच्या लॉऱ्या अडवल्या. एक माणूस लॉरीपुढून हटेना. लॉरी थांबली नाही. माणूस जागीच गेला. लॉरी चालवत होता पेरियवरांचा मुलगा, ज्याला सगळे चिन्नवर म्हणत, धाकटे साहेब. हे आमच्या गल्लीला दुपारपर्यंत कळलं होतं. संध्याकाळी एकोजीमामा पोलीस ठाण्यात गेले आणि म्हणाले, गाडी मी चालवत होतो.

मामांना लॉरी सोडा, सायकलही येत नव्हती. छत्री घेऊन सगळीकडे चालत जायचे. कोर्टात हे कोणी विचारलंच नाही. त्यांच्याकडे लायसन्स नाही, हा उलट त्यांचाच आणखी एक गुन्हा ठरला. आयुष्यात पहिल्यांदा ते 'मी नुसता उभा होतो' म्हणाले नाहीत, आणि पहिल्यांदाच त्यांच्यावर लगेच विश्वास ठेवला गेला.

तिरुचीच्या तुरुंगात बरीच वर्षं गेली. मामी त्या काळातच वारल्या. पापनाशमला सक्कूला सासरचे लोक खुन्याची मुलगी म्हणायचे. मेलेल्या माणसाचं गाव तिच्या दारापासून लांब नव्हतं. बाजारात त्या माणसाची बायको समोर आली की सक्कू रस्ता बदलायची.

मामा सुटले तोवर मी पापनाशमच्या शाळेत शिकवायला लागले होते आणि रोज पॅसेंजर गाडीने जात होते. एक दिवस मामा माझ्याबरोबर निघाले. हातात मोगऱ्याचा गजरा आणि केळ्यांची एक फणी. सक्कू दारात आली. तिने बापाला पाहिलं, पण दारातून बाजूला झाली नाही.

"अप्पा, माझ्या नवऱ्यासमोर एवढंच सांगा, मी लॉरी चालवली नाही. पोलिसांना नक्को. फक्त इथं, या घरात सांगा. मग आत या."

मामांनी केळी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "पेरियवर अजून अहात गं," ते म्हणाले.

"मग ते नसतील तेव्हा या."

तिने गजरा घेतला. केळी नाही घेतली. परतीच्या गाडीत मामांनी ती केळी समोरच्या बाकावरच्या बाईच्या मुलांना दिली आणि खिडकीतून भातशेती बघत बसले. स्टेशनवर उतरताना म्हणाले, "तिनं बरोबर केलं." पण त्यांनी काय करायला हवं होतं, ते नाही म्हणाले.

सक्कूने मात्र आपलं ते वाक्य मनात धरून ठेवलं. पेरियवर आजारी पडल्याची बातमी आली तेव्हा ती शाळेच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. असं बोलू नये, पण विचारते, म्हणाली, ते गेले तर अप्पा मोकळे होतील ना? मी म्हटलं, होतील. मला तसंच वाटत होतं. कोणालाही वाटलं असतं. पेरियवर गेले तेव्हा तिने मला सांगितलं, सोळाव्या दिवसाचं जेवण झालं की त्यानंतरच्या रविवारी अप्पांना घेऊन ये. नवरा घरी असेल. मी स्वयंपाक करते.

ते सोळाव्याचं जेवण मी डोळ्यांनी पाहिलं. वडील आचारी, म्हणून आम्हा घरच्यांनाही बोलावणं होतं. इथे एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे केळीच्या पानावर जेवण झालं की पान दुमडून उठतात. लग्नकार्यात पानाची वरची बाजू आपल्याकडे दुमडायची. म्हणजे पोट भरलं, हे घर आणि आपण असेच राहू, पुन्हा येऊ. मयताच्या जेवणात उलट. खालची बाजू आपल्यापासून दूर, पलीकडे दुमडायची. म्हणजे असा प्रसंग पुन्हा न येवो, इथलं जे संपलं ते संपलं. लहान मुलांनासुद्धा हे सांगावं लागत नाही. हात आपोआप तसा जातो.

ताकभात झाला. पंगत उठायला लागली. सगळ्यांची पानं पलीकडे दुमडली जात होती. एकोजीमामांनी हात आवरला, पान पुसल्यासारखं नीट केलं आणि वरची बाजू उचलून आपल्याकडे दुमडली. लग्नाच्या पंगतीत दुमडतात तशी.

शेजारचा माणूस पान दुमडता दुमडता थांबला. पाहुण्यांची विचारपूस करत चिन्नवर पंगतीतून फिरत होते, ते समोर येऊन उभे राहिले.

"अण्णे, घडी चुकली," ते हळूच म्हणाले.

"चुकली नाही," मामा म्हणाले आणि हात धुवायला उठले.

वडील ताकाचं भांडं घेऊन शेजारीच होते. ते नंतर म्हणाले, चिन्नवरांचा चेहरा त्या दिवसांत पहिल्यांदा सैल झाला. बाप गेल्यापासून मामा आता तोंड उघडतील अशी त्यांना धास्ती होती, आणि तीच सक्कूची आशा होती.

मी त्या संध्याकाळी मामांच्या ओट्यावर जाऊन भांडले. मला गोड बोलता येत नाही.

"पेरियवर गेले, मामा."

"ते गेले. मी अहा ना."

"आणि सक्कू? रविवारी ती वाट बघणार."

ते पायाचा अंगठा चोळत बसले. मग जे बोलले ते एवढं लांब मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. सातवीत नापास झाल्यावर वडिलांनी घराबाहेर काढलं. आपण कोणत्या घराण्यातले, आणि हा असला मुलगा, म्हणून. मग हॉटेलांच्या मागच्या दारी उभं राहून खायचं. नंतर लॉरीशेडमध्ये हमाली. एका सणाला पेरियवरांकडे हमालांना मागच्या अंगणात जेवण होतं. पेरियवरांनी त्यांना हाक मारली आणि म्हणाले, उभा काय राहतोस, बस. आपल्या शेजारचं पान दाखवलं. "त्या दिवशी मी पहिल्यांदा पान दुमडून उठलो, कॉलेज. तोवर उभ्यानं खात होतो."

"म्हणून त्यांनी तुम्हाला तुरुंगात पाठवलं?"

"त्यांनी काय सांगितलं नाही. लॉरीच्या त्या दिवशी पान वाढलेलं होतं, ते जेवत नव्हते. भात गार झाला. त्यांच्या घरच्या अम्मा रडत होत्या. मी म्हटलं, गाडी मी चालवत होतो. ते माझ्याकडे बघत राहिले. मग जेवले."

मी म्हटलं, "मामा, हे चूक आहे. ज्याने तुम्हाला बसवलं त्यानेच तुम्हाला पुन्हा उभं केलं."

ते माझ्यावर रागावले नाहीत. "तू शिकलीस. तुला दिसतं," एवढंच म्हणाले. मग थोड्या वेळाने, "सक्कू रागावली तरी माझीच अहा. ती कोठ जाते?"

यात ते चुकले. सक्कू गेली. मी फोनवर पानाची गोष्ट सांगितली तेव्हा ती म्हणाली, "रविवारचं नक्को." पुढे चिन्नवरांनी घर विकलं आणि ते चेन्नईला गेले. मामांना सांगूनही गेले नाहीत. घर पाडायला माणसं आली तेव्हा मामा समोरच्या फुटपाथवर उभे होते. त्यांना तिथून कोणी आत बोलावलं नाही.

शेवटचं दुखणं फुप्फुसांचं. सरकारी इस्पितळात मी शाळा सुटली की जायची. डॉक्टर आले की त्या अवस्थेतही मामांचा हात वेष्टी सारखी करायला जायचा. सक्कू येईल का, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. रोज एवढंच विचारायचे, "कॉलेज, पापनाशमची गाडी हल्ली केव्हा येते?" जणू मी ज्या गाडीने रोज येते ती त्यांना ठाऊक नव्हती. मी सांगायची. ते दाराकडे तोंड करून पडायचे.

मी सक्कूला फोन केला होता. "त्यांनी सांगितलं का?" तिने विचारलं. नाही म्हटलं. "मग मी येऊन कोणाला भेटू?" ती म्हणाली.  

मामा सकाळच्या वेळी गेले. चिन्नवरांकडून मोठा हार आला, तो घेऊन त्यांचा ड्रायव्हर आला होता. सक्कूही आली. अंत्यविधीला ती कोरड्या डोळ्यांनी उभी होती. तिची उभी राहण्याची ढब अगदी बापासारखी आहे, हे मला तेव्हा दिसलं.

तेराव्याचं जेवण आमच्या अंगणात केलं. वडील आता थकलेत, पण कोणाला हात लावू दिला नाही, सगळं स्वतः रांधलं. गल्लीतली माणसं आली. सक्कू माझ्या शेजारी बसली. सावकाश, सगळं जेवली. ताकभात झाल्यावर ओळीतली पानं एकेक करून पलीकडे दुमडली गेली, माझंही. सक्कूने पानाच्या खालच्या कडेला हात लावला. मग वरच्या कडेला लावला. मग दोन्ही हात मांडीवर घेतले आणि काही वेळाने तशीच उठली.

वडील पानं उचलत उचलत तिच्या पानापाशी येऊन थांबले. एवढ्या वर्षांत उघडं पान त्यांनी कधी उचललं नव्हतं.

"सक्कू, उचलू का गं?"

"राहू द्या, काका," ती हात धुता धुता म्हणाली. तिची गाडी होती. मी तिला स्टेशनपर्यंत पोचवायला गेले. मोबाइलच्या दुकानावरून जाताना ती तिकडे न बघता चालत राहिली.

परत आले तेव्हा ऊन अंगणातून सरकलं होतं. सगळं आवरून झालं होतं, ते एक पान तेवढं जागेवर होतं. ते वाळायला लागलं होतं आणि त्याच्या कडा आपोआप आत वळत होत्या, वरचीही आणि खालचीही.