चिबापर्यंतची चाळीस मिनिटं

लुंबिनीच्या खोलीतला दिवा हलत होता. ती व्हिडिओ कॉलवर जेवणाचं, शिफ्टचं, थंडीचं सांगत होती आणि तिच्या डोक्यामागं छताला टांगलेला कागदी दिवा संथपणे इकडून तिकडं जात होता.

"दिवा कामून हालायलाय गं?" उज्वलानं विचारलं.

लुंबिनीनं मागं वळूनही बघितलं नाही. "फॅन लावलाय आई."

जानेवारी चालू होता आणि पोरीनं घरातही जाड कोट घातला होता. फोन ठेवता ठेवता लुंबिनी म्हणाली, "आई, थोडे दिवस इकडं ये ना." दुसऱ्या दिवशी डेपोत जाऊन उज्वलानं रजेचा अर्ज दिला.

उज्वला सोनकांबळे एसटीत कंडक्टर. निलंगा डेपोत पंधरा वर्षं झाली होती. तिच्या गाडीत दारात लोंबकळणाऱ्याची खैर नसायची. घर शिरूर अनंतपाळला. नवरा व्यंकट तिथल्याच शाळेत शिपाई. गल्लीत सगळ्यांची स्लॅबची घरं झाली, पण उज्वलानं आपल्या घरावर पत्राच ठेवला. उन्हाळ्यात आत भट्टी पेटायची, तरी व्यंकटनं कधी कारण विचारलं नाही. किल्लारीकडच्या माणसाला हे कुणी विचारत नाही.

त्र्याण्णव साली ती तेरा वर्षांची होती. पहाटे परसाकडं गेली होती म्हणून वाचली. आई आणि धाकटा भाऊ मिलिंद माळवदाखाली राहिले. एवढी गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. उरलेली तिनं कुणालाच सांगितली नव्हती.

लुंबिनीनं लातूरला नर्सिंग केलं, पुण्यात जपानी शिकली आणि दीड वर्षापूर्वी चिबा नावाच्या शहरात वृद्धाश्रमात कामाला लागली. पोरगी कुठल्या देशात चाललीय, हे उज्वलाला तेव्हाही कळत होतं. पण पोरीच्या तोंडावरचा आनंद बघून तिनं ओठ शिवून घेतले होते.

फेब्रुवारीत ती हैदराबादहून निघाली. एक विमान बदलून दुसऱ्या दिवशी सकाळी नारिता विमानतळावर उतरली, तेव्हा फोनवर लुंबिनीचा आवाज येऊन पडला होता : "आई, शिफ्ट सुटंना. तू एकटी ये. अवघड न्हाई. खाली रेल्वे स्टेशन हाय. फोटो पाठवलेत, तसं तसं ये. चाळीस मिनिटांत चिबा. मी स्टेशनवर येते."

आवाज घाईचा होता. मागं कुणीतरी म्हातारं माणूस एकच शब्द परत परत ओरडत होतं.

स्टेशन विमानतळाच्या पोटात, जमिनीखाली होतं. सरकत्या जिन्याच्या तोंडाशी उज्वला थांबली. खालून गार हवा येत होती. डोक्यावर किती मजले असतील, याचा हिशोब मन आपोआप करू लागलं. मागं माणसं खोळंबली, पण कुणी "चला" म्हणेना, ढकलेना. त्या गप्प रांगेचीच तिला लाज वाटली आणि तिनं पाय टाकला.

तिकिटाच्या मशीनपुढं एका म्हातारीनं तिला मदत केली. ठेंगणी, पाठीत वाकलेली, हातात कापडात बांधलेला डबा. लुंबिनीच्या वृद्धाश्रमाचा पत्ता लिहिलेला कागद बघून तिनं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "चिबा." म्हणजे तीही तिकडंच निघाली होती. गाडीत दोघी शेजारी बसल्या.

बोगदा संपून उजेड आला तेव्हा उज्वलाला पहिल्यांदा श्वास घेता आला. बाहेर भाताची रिकामी शेतं, त्यांत साचलेलं पाणी, मधूनच बांबूचं बेट. डब्यात इतकी माणसं, पण बोलणं नाही. तिला आपली गाडी आठवली, भांडणं, लेकरांची रडारड, कोंबड्यांची पाटी. इथं सगळे कशाची तरी वाट बघत असल्यासारखे बसले होते.

मग सगळे फोन एकदम बोलले.

आधी एक कर्कश गजर, आणि मग डब्यातल्या प्रत्येक खिशातून, प्रत्येक पिशवीतून एकाच बाईचा आवाज : "जिशिन देसु. जिशिन देसु." शब्द कळायची गरज नव्हती. समोरच्या माणसानं वर्तमानपत्र घडी करून मांडीवर ठेवलं. म्हातारीनं डबा पोटाशी धरला. गाडी करकचून थांबली.

दोन क्षण काहीच झालं नाही. मग खालून तो आवाज आला. उज्वलानं तो बत्तीस वर्षांनी ओळखला. गाडी उचलून आपटल्यासारखी झाली आणि डावी-उजवीकडं झुलू लागली. बाहेर शेतातलं पाणी उकळल्यासारखं नाचत होतं.

ती उठली. कधी उठली तिलाच कळलं नाही. दाराशेजारच्या लाल खुणेचं झाकण तिनं उघडलं आणि आतली मूठ धरली. ओढली की दार सुटणार, बाहेर जायचं, उघड्यावर जायचं, एवढंच डोक्यात होतं. तेवढ्यात कोटाची कड मागून ओढली गेली. म्हातारी जागेवरून न उठता दोन्ही हातांनी तिला धरून होती. मान हलवत खिडकीकडं बोट दाखवत होती. खिडकीबाहेर दुसरा रूळ होता आणि त्यावरून समोरची गाडी घसरत, चाकं किंचाळत येत होती. ती त्यांच्या दारापाशी येऊन थांबली.

उज्वलानं मूठ सोडली. चालत्या गाडीतून उतरणाऱ्या किती जणांना तिनं दंडाला धरून आत खेचलं होतं, शिव्या घातल्या होत्या. ती परत म्हातारीशेजारी जाऊन बसली.

लुंबिनीचा फोन लागेना. दीड तासानं शिडी लावून सगळ्यांना उतरवलं. रुळाच्या कडेनं, एकामागं एक, पुढच्या स्टेशनपर्यंत. पुढं गाड्या बंद. म्हातारीनं तिचा हात सोडला नाही. टॅक्सीच्या रांगेत दोघी दोन तास उभ्या राहिल्या. तिनं डबा उघडून भाताचा एक गोळा उज्वलाच्या हातावर ठेवला. उज्वलानं तो तसाच हातात धरून ठेवला.

चिबा जवळ आलं तसे रस्त्यात फुटलेल्या काचा दिसू लागल्या. एका घराची कौलं अंगणात सांडली होती. माणसं कोट घालून घरांपुढं उभी होती, गप्प, सगळ्यांचे डोळे जमिनीकडं. कुठूनतरी भोंगा वाजत होता आणि थांबत नव्हता. स्टेशनवर कुणालाच जाऊ देत नव्हते, म्हणून टॅक्सी सरळ वृद्धाश्रमाच्या पत्त्यावर गेली. म्हातारीनं वाकून नमस्कार केला आणि ती त्याच टॅक्सीतून पुढं गेली. तिचं नाव विचारायचं राहून गेलं.

आश्रमाच्या इमारतीला वरपासून खालपर्यंत एक चीर गेली होती. पुढच्या मोकळ्या जागेत चाकांच्या खुर्च्या ओळीनं लावल्या होत्या. प्रत्येकीत ब्लँकेटात गुंडाळलेलं एक म्हातारं माणूस. लुंबिनी ओळीतून फिरत एकेकाच्या पायांवर पांघरूण घालत होती. कपाळावर खरचटलेलं. आईला बघून ती जागीच थांबली.

"आई, लागलं का तुला?"

"मला काय झालंय. तू कामून सांगितलं न्हाईस? तो दिवा..."

"महिना झाला, रोज जमीन हालायलीय." लुंबिनीनं नजर खाली घेतली. "तुला सांगितलं असतं तर तुला झोप आली असती का? पण मला लई भ्या वाटायलं होतं. म्हणून म्हटलं, ये."

"चल घरी. आताच चल."

"ह्यांना कुठं सोडू? दोघी-तिघीच आलोत ड्युटीवर."

उज्वला तिथं फरशीच्या कडेला बसली. आणि बत्तीस वर्षांत जे बोलली नव्हती ते बोलली.

"माझी आई लगेच मेली न्हवती, लुंबिनी. मातीखालून हाक मारत होती. उज्वला, उज्वला. मी वर उभी. उजाडल्यावर माणसं आली, म्हणली, पोरी, हितं कुणी हाय का? माझी वाचाच बसली. ते पुढच्या घराकडं गेले."

लुंबिनी आईजवळ खाली बसली. ओळीच्या टोकाला एक आजोबा रडू लागले आणि ती आईचा खांदा दाबून तिकडं गेली.

जमीन परत हलली. बारीक धक्का होता, पण सगळ्या खुर्च्या एकदम खडखडल्या. एक खुर्ची उतारानं निघाली. उज्वलानं धावत जाऊन ती धरली आणि चाकाला पाय लावून उभी राहिली. खुर्चीतल्या आजीनं तिचं मनगट घट्ट पकडलं.

"गेला ना?" उज्वलानं लांबूनच पोरीला विचारलं. "सगळ्यात मोठा सकाळचाच धक्का होता, तो गेला ना?"

लुंबिनीनं नकारार्थी मान हलवली. "इथली माणसं म्हणतात, हा तो न्हवं. तो अजून यायचाय."

उज्वला खुर्ची धरून उभी राहिली. सूर्य इमारतीमागं गेला, गारठा वाढला. मग तिनं व्यंकटला फोन लावला. बऱ्याच वेळानं लागला. पोरगी धड आहे, एवढं सांगितलं आणि म्हणाली, "डेपोत जाऊन कळवा. रजा वाढवायची हाय. किती दिवस, ते मला ठावं न्हाई."