अर्धा राहिलेला चौक

कोसबाडच्या टेकडीखालच्या पाड्यात हिरीसारखा हात कुणाचा नव्हता. लग्नघरच्या भिंतीवर पालघटदेवीचा चौक काढायचा म्हटलं की बोलावणं हिरीला. तांदळाचं पीठ पाण्यात कालवायची, बांबूची काडी चावून तिचा कुंचला करायची, आणि एकदा भिंतीला नाक लावून बसली की तिला जेवायचीही शुद्ध नसे. पण चौकाला नुसता हात पुरत नाही, सवाशीण लागते. नवरा जिवंत असलेली बाई. तिथंच हिरीचं सगळं अडकलेलं होतं.

तिचा नवरा लाहू डहाणूच्या खाडीतून गवताच्या गाठी घेऊन मचव्यावर मुंबईला गेला, त्याला तीन पावसाळे उलटले. निरोप नाही, सांगावा नाही. लोकांच्या तोंडाला कुठे झाकण असतं? कुणी म्हणे दुसरी केली, कुणी म्हणे बुडाला. हिरी कुणाशी भांडली नाही. तिला एवढंच कळत होतं, की चौकाला बोलावतात म्हणजे पाड्याच्या लेखी लाहू जिवंत आहे. बोलावणं थांबेल त्या दिवशी तो मेला.

१९५८च्या उन्हाळ्यात प्रमिलाबाईंचं लग्न निघालं. बाई पुण्याच्या, पाड्यावर बायकांना अक्षरं शिकवायच्या. नवरा डेन्मार्कचा येन्स, विहिरींच्या कामाला आलेला लांबलचक माणूस. बाईंच्या वडिलांनी दार लावून घेतलेलं, साहेबाचा परवाना संपत आलेला, रविवारी बोट. बुधवारी ठरलं आणि शुक्रवारी लग्न, तेही चिकूच्या वाडीत, उघड्यावर. आपल्याकडे लग्न लावते ती धवलेरी, गाणी म्हणून लावते. पाड्याची धवलेरी बुधीबाई, ती हे ऐकून हसलीच. म्हणाली, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग.

"माझ्या घरचं कुणी येणार नाही," बाई हिरीला म्हणाल्या. "चौक तूच काढ."

बाकीच्या सवाशिणींनी पाठ फिरवली. परक्यांच्या लग्नात आपली देवी कशाला बसवायची, म्हणाल्या. हिरी एकटी तयार झाली, कारण लाहूचं नाव पाटीवर लिहायला तिला याच बाईंनी शिकवलं होतं. तिच्या भिडेखातर बुधीही गायला कबूल झाली.

शुक्रवारी सकाळी हिरीनं राखणदाराच्या झोपडीची कुडाची भिंत सारवून चौकाच्या चारी बाजू ओढल्या. आत देवी काढणार तेवढ्यात देवजी आला. लाहूबरोबर मचव्यावर गेलेला, आज तीन वर्षांनी गावात परतलेला. त्यानं कनवटीची चुन्याची डबी काढून तिच्यापुढे धरली. झाकणावरचा पोचा हिरीनं ओळखला.

"दोन पावसाळे झाले, वयनी. तापानं गेला. गोदीतल्या लोकांनीच जाळला." मग आजूबाजूला बघत तो हळूच म्हणाला, "मी अजून कोणाला नाय सांगितलं. तुला नको असंल तं कधीच नाय सांगणार."

चांगला माणूस देवजी. वाईट असता तर बरं झालं असतं, सगळ्या पाड्यात बोंबलला असता आणि हिरीवर काही ठरवायची वेळ आली नसती.

डबी तिनं ओटीत घातली. रडू आलं नाही. काडी पिठात बुडवून तिनं हात भिंतीशी नेला. गप्प राहिलं की झालं. लाहू जिवंत, हातात बांगड्या, पुढच्या लग्नाला पुन्हा बोलावणं. पण झोपडीमागे बाई एकट्याच साडी नेसत होत्या, आई नाही, बहीण नाही, आणि तरी गुणगुणत होत्या. रांडावलेल्या हाताचा चौक त्या पोरीच्या नशिबात काय वाढून ठेवील? आपलं मरण तिच्या नवऱ्यावर ढकलायचं? हिरीनं काडी खाली ठेवली.

जमलेल्या दहा-बारा माणसांना ऐकू जाईल असं ती म्हणाली, "बाई, माझा लाहू मेलाय. मला चौक काढता येयाचा नाय."

असलं बोललेलं परत घेता येत नाही.

प्रमिलाबाई धावत आल्या, तिला पोटाशी धरलं, रडल्याही. मनानं फार चांगल्या हो त्या. मग म्हणाल्या, "हिरी, अगं आम्ही दोघं असलं काही मानत नाही. विधवा काय नि सवाशीण काय. जमेल तर काढ, नाहीतर आहे तेवढं पुरे. छान दिसतंय तेही."

साहेबानं मान डोलावली. रिकाम्या चौकोनापुढे दोघांनी एकमेकांना हार घातले, फोटो निघाला. बुधी एक ओळ गायली नाही. गाडीची वेळ झाली म्हणून सगळे जीपमध्ये बसून स्टेशनवर गेले. जाताना बाईंनी हिरीच्या हातावर दोन पेढे ठेवले.

वाडी रिकामी झाल्यावर बुधीबाईनं एक दगड शोधून आणला आणि हिरीचा हात मांडीवर घेतला.

"त्यांना चालणार होतं म्हणे," बुधी म्हणाली.

"होय," हिरी म्हणाली. "हे आधी बोलल्या असत्या तं माझा लाहू अजून जगला असता."

मग तिनं दुसराही हात पुढे केला.