ताकदीच्या सुया

डॉक्टरबाईंनी मायक्रोस्कोपवरून मान वर केली आणि पहिल्यांदाच माझ्याऐवजी माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "तुमच्या वीर्यात शुक्रजंतू दिसत नाहीत. एकही नाही."

लग्नाला आठ वर्षं झाली होती. तोवर जे काही तपासलं ते माझंच. बदनापूरहून रेल्वेने जालन्याला यायचं, इस्पितळाच्या ओसरीत बसून राहायचं आणि नाव पुकारलं की आत जायचं. कंटाळा आला होता मला.

माझी पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने येत नसे. अंगात सदा थकवा आणि भर उन्हाळ्यातसुद्धा पाय गार. सासूबाईंनी आधी नवस बोलले, मग दर्ग्यातला तावीज बांधला, मग सुईणीचे कडू काढे पाजले. शेवटी मीच वैतागून इस्पितळ गाठलं.

डॉक्टरबाईंनी थायरॉईडचं दुखणं सांगितलं. थायरॉईड म्हणजे गळ्यातली ग्रंथी. अशा ग्रंथी रक्तात जो रस सोडतात त्याला हार्मोन म्हणतात. माझा तो रस कमी पडत होता. त्यामुळे बीजकोशातून बीज वेळेवर सुटत नव्हतं आणि पाळी लांबत होती. गोळ्या सुरू झाल्या, हळूहळू पाळी ताळ्यावर आली. घरात सगळे म्हणाले, आता झालंच! वर्ष गेलं, काही झालं नाही. घरादाराच्या नजरा पुन्हा माझ्याकडे.

डॉक्टरबाईंनी नवऱ्याला आणायला सांगितलं.

"मला काय झालंय?" हे म्हणाले. कधी पेरणी आडवी आली, कधी कापूस वेचणी. मी रोज टोकत राहिले, तेव्हा कुठे नाइलाजाने आले आणि तपासायला नमुना दिला.

"काही औषध चालू आहे का?" एकही जंतू नाही हे सांगून झाल्यावर डॉक्टरबाईंनी विचारलं.

"हाय की!" हे छाती काढून म्हणाले. "ताकदीची सुई घेऊन राह्यलो वर्षापासून. नवीन जालन्यात एक जण टोचतो. बिलकुल विलायती माल."

"कशासाठी?"

"लेकरासाठी!"

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "त्या सुईत पुरुषी हार्मोन असतं. मेंदूच्या तळाशी पिट्युटरी नावाची लहानशी ग्रंथी असते. ती अंडकोषांना कामाला लावते. बाहेरून हार्मोन मिळालं की तिला वाटतं, भरपूर आहे. ती गप्प बसते, अंडकोषही गप्प बसतात. जंतू तयारच होत नाहीत."

"मंग ती ताकद?"

"ताकद राहील. लेकरू होणार नाही."

म्हणजे मी एकीकडे गोळ्या गिळत होते आणि हे दुसरीकडे स्वतःच दार बंद करून बसले होते! गाडीत मी विचारलं, "मला का न्हाई सांगितलं?"

"तुला वाटलं असतं, खोट माझ्यात हाय."

"आन् आठ वर्षं सगळ्या गावाला वाटलं माझ्यात हाय, ते बराबर होतं?"

हे उठून डब्याच्या दारापाशी जाऊन उभे राहिले.

सुया बंद झाल्या. काही आठवडे अंग गळून गेलं यांचं. "एकच घेतो" म्हणत मागे लागले. मी ऐकलं नाही. डॉक्टरबाईंनी आधीच बजावलं होतं, महिने लागतील आणि खात्री कुणीच देणार नाही. आम्ही पुन्हा पुन्हा जालन्याला जात राहिलो. एकदा त्यांनी मलाच मायक्रोस्कोपपाशी बोलावलं. उजेडाच्या गोलात बारीक बारीक काहीतरी वळवळत होतं. मी खुर्चीवर बसून रडले.

पुढच्या हिवाळ्यात मुलगी झाली. बारशाला सासूबाई आल्यागेल्याला ताविजाचा गुण सांगू लागल्या. तेव्हा हे सगळ्या बायांसमोर उभे राहिले. "माय, खोट माझ्या सुयांत होती. हिला आता कोणी बोलायचं न्हाई." कान लाल झाले होते, पण बोलले. त्या एका वाक्यासाठी मी यांचा पुष्कळसा राग सोडून दिला.

डॉक्टरबाईंचे उपकार फिटणारे नाहीत. आता आमच्या गावातून कुणाची सून मूल होत नाही म्हणून इस्पितळात निघाली, की मी तिला उंबऱ्यातच अडवते आणि विचारते, "नवरा कुठंय?"